तळ्याचा सांडवा
खासगी तळीं बांधणारांस व त्यांसाठीं द्रव्य देणारांस कांहीं सूचना

रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यांतील कित्येक वाड्यांस एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत बसावें लागतें, ही गोष्ट घाटावरील दात्यांस सांगितली म्हणजे ती त्यांस सहसा खरी वाटत नाहीं. परंतु येथील टंचाई पाऊस न पडल्याची नव्हे. पडलेलें पाणी न राहिल्याची आहे. जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवीत नाहीं, डोंगर समुद्रापासून फार लांब नाहींत, आणि आषाढांत सड्यावर पडलेलें पाणी पऱ्यावाटें पाहतां पाहतां खाडीस मिळतें. तें अडवावें म्हणून बागाईतदार आपल्या कलमांसाठीं तळीं बांधूं लागले आहेत, गांवकरी वाडीसाठीं बांधूं पाहत आहेत, आणि अशा कामांस उदार गृहस्थांनीं द्रव्य द्यावें अशी विनंती या पानांतून वेळोवेळीं केली जाते. ती योग्यच आहे. मात्र पाणी अडविण्याच्या उत्साहांत अधिक झालेलें पाणी सोडावयाचें कसें, याचा विचार मागें पडतो. आणि कोंकणांतील तळें फुटतें तें बहुधा येथेंच फुटतें. म्हणून हा लेख.

मी इंजिनियर नव्हें, वकील आहें. तेव्हां या विषयांत माझा शिरकाव कसा झाला हें प्रथम सांगितलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका आंबा-बागाईतदाराचें वकीलपत्र मजकडे आलें. त्यांनीं सड्याच्या उतारावर माती भरून पुरुष-दोन पुरुष उंचीचा बांध घातला होता, व जास्त झालेलें पाणी जाण्यासाठीं बांधाच्या माथ्याखालीं सहा इंची दोन नळ बसविले होते. पहिलें वर्ष पार पडलें. दुसऱ्या वर्षीं आषाढांतल्या एका रात्रीं पाऊस लागून राहिला, पालापाचोळा वाहत येऊन नळांच्या तोंडाशीं बसला, पाणी माथ्यावरून ओसंडूं लागलें, आणि पहांटेपूर्वीं बांधाच्या मधोमध सहा-सात हात रुंदीचें भगदाड पडलें. खालच्या शेतकऱ्याचीं नुकतीं लावणी झालेलीं खाचरें तांबड्या मातीखालीं व दगडांखालीं गेलीं. माणूस दगावला नाहीं, हें दैव. कोर्टांत माझ्या अशिलाचें म्हणणें असें कीं, असा पाऊस कोणासच अपेक्षित नव्हता. तें म्हणणें मीं मांडलेंही. परंतु मांडण्यापूर्वीं एका निवृत्त ओव्हरसियर मित्राकडून हिशेब शिकून घेतला, आणि त्या हिशेबानें माझाच पक्ष मला दुबळा वाटूं लागला. तो हिशेब येथें देतों. तो कोणाही व्यापाऱ्यास वहीच्या पाठीवर करतां येण्याजोगा आहे.

एक हेक्टर जमिनीवर, म्हणजे सुमारें अडीच एकरांवर, तासाला १०० मिलिमीटर या वेगानें पाऊस पडला, तर एका तासांत १,००० घनमीटर पाणी पडतें. त्यास ३,६०० सेकंदांनीं भागलें म्हणजे सेकंदास सुमारें २७८ लिटर झालें. तासाला १०० मिलिमीटर हें प्रमाण कोणास फार वाटेल. पण २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, व त्या दिवशीं एकाच तासांत १९० मिलिमीटरपर्यंत मजल गेली होती. कोंकणच्या किनाऱ्यावर तळें बांधणारानें तासाला १०० मिलिमीटर धरणें ही चैन नव्हे. शिवाय जुलै महिन्यांत जमीन अगोदरच भिजून तुडुंब असते आणि कातळ तर पाणी पीतच नाहीं; पडलें तेवढें बहुतेक सारें तळ्याकडे धांवतें. दाट झाडीची, मुरमाड मातीची जागा असेल तर अर्धे-पाऊण धरलें तरी चालेल. सड्यावर मात्र सूट घेऊं नये.

आतां सहा इंची नळ किती पाणी नेतो तें पाहूं. त्याच्या तोंडावर हातभर पाण्याचा दाब असला तर तो सेकंदास तीस ते पस्तीस लिटर नेतो, तोही तोंड स्वच्छ असतांना. म्हणजे एका हेक्टराचें पाणी काढावयास असे आठ-नऊ नळ लागतील. माझ्या अशिलाच्या तळ्यावर सहा हेक्टरांचें पाणी येत होतें. दोन नळ मिळून फार तर ६६ लिटर नेणार, आणि येणारें पाणी १,६६८ लिटर ! सुमारें पंचविसावा हिस्सा. नळ तुंबले म्हणून बांध फुटला असें आम्ही म्हणत होतों. नळ तुंबले नसते तरी तो फुटलाच असता. कदाचित् तासभर उशिरा.

नळाऐवजीं उघडा सांडवा ठेवला म्हणजे चित्र पालटतें. सांडवा म्हणजे बांधाच्या टोंकाशीं, बांधाच्या माथ्यापेक्षां खालच्या पातळीवर ठेवलेली सपाट रुंद वाट. तिच्या उंबऱ्यावरून तळ्याच्या पाण्याची पातळी ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट, वर चढली, तर उंबऱ्याच्या दर मीटर रुंदीमागें सेकंदास सुमारें २८० लिटर पाणी निघून जातें. हा आंकडा वरच्या आंकड्याशीं ताडून पाहा. एका हेक्टराचें पाणी, एक मीटर रुंद सांडवा, एक फूट पाणी. कोंकणच्या सड्यावरील लहान तळ्यासाठीं याहून सोपें सूत्र मला ठाऊक नाहीं. सहा हेक्टरांस सहा मीटर रुंदी झाली. त्यावर लाटांसाठीं, बांध बसण्यासाठीं व आपल्या हिशेबांतील चुकीसाठीं आणखी दोन फूट उंची मोकळी ठेवावी. म्हणजे सांडव्याचा उंबरा बांधाच्या माथ्यापेक्षां एकंदर तीन फूट खालीं आला. हीं तीन फूट उंची पाहून बागाईतदाराचा जीव तुटतो, कारण तेवढें पाणी तळ्यांत धरतां आलें असतें असें त्यास वाटतें. तें पाणी त्याचें नव्हतेंच.

जागा अरुंद असेल तर पाण्याची खोली वाढवून रुंदी कमी करतां येते, पण हा सौदा जपून करावा. खोली अर्धी केली तर पाणी अर्धें जात नाहीं, एकतृतीयांशाहून थोडेंच अधिक जातें. आणि खोली दीडपट केली तर पाणी दीडपटीहून बरेंच अधिक, जवळजवळ पावणेदोनपटीपेक्षांही जास्त जातें. त्या मानानें सहा हेक्टरांचें पाणी दीड फूट खोलीनें सव्वातीन मीटर रुंदींतून निघेल. परंतु फूटभर पाणी उंबऱ्यावरून सेकंदास सुमारें १.४ मीटर वेगानें जातें, तें चांगल्या रुजलेल्या गवताला सोसतें. दीड फूट पाणी १.७ मीटर वेगानें जातें, आणि तेथें मातीस दगडी पिचिंगच पाहिजे. म्हणून जागा असेल तेथें सांडवा रुंद व उथळ ठेवावा, हें माझ्या मित्राचें मत मला पटलें.

कित्येकजण विचारतात कीं, तळें स्वतः कांहीं पाणी सांठवून घेतें, तें वजा कां करूं नये ? मोठ्या धरणाचे हिशेब करणारे तें करितात व तें बरोबर आहे. आपल्या तळ्यास तें लागू करूं नये, कारण आपलें तळें मृगांत नाहीं तरी आर्द्रांत भरतें, आणि मोठा पाऊस येतो तेव्हां तें कांठोकांठ भरलेलेंच असतें.

पाणलोट मोजण्याची रीत नकाशापेक्षां पायाखालची बरी. भर पावसांत छत्री घेऊन वरच्या अंगास जावें आणि पाणी कोठून कोठें वळतें तें डोळ्यांनीं पाहावें. सड्यावर चढउतार इतका थोडा असतो कीं उन्हाळ्यांत तो दिसत नाहीं. दुसरें असें कीं, नवा रस्ता झाला म्हणजे त्याचें गटार दुसऱ्याच उतारावरचें पाणी आणून आपल्या पऱ्यांत सोडतें. मग तीन हेक्टरांचें तळें एका उन्हाळ्यांत पांच हेक्टरांचें होतें व मालकास त्याची वार्ताही नसते. असा फरक दिसला कीं सांडवा त्याच वर्षीं वाढवावा.

सांडवा कोठें काढावा, हा रुंदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. भरावाच्या मातीवरून तो कधींही नेऊं नये. बांध जेथें मूळच्या जमिनीस मिळतो त्या टोंकाशीं, शक्य तर कातळ खोदून, तो काढावा. आपल्या जिल्ह्यांत कातळाची उणीव नाहीं, ही एक मोठीच सोय आहे. कातळांत कोरलेल्या उंबऱ्यास फार डागडुजी लागत नाहीं. पण कातळाचा एक दगा आहे, तो लक्षांत ठेवावा. जांभ्याचा थर वर कठीण असला तरी खालीं पुष्कळ ठिकाणीं मऊ, पांढुरकी-पिवळसर माती असते. सांडव्याचें पाणी कातळाच्या कडेवरून खालीं पडूं लागलें कीं तें ही मऊ माती धुवून काढतें, कातळाचा ओठ अधांतरीं राहतो, आणि एके वर्षीं तो तुटून पडतो. मग पुढल्या वर्षीं आणखी मागें, असें करीत तें खाणें तळ्यापर्यंत येतें. म्हणून पाणी जेथें पडतें तेथें मोठे दगड रचून पायऱ्या कराव्या, व पायथ्याशीं पाण्याचें लहानसें डबकें राहील अशी सोय करावी. पडणाऱ्या पाण्याचा जोर पाण्यांतच मोडतो.

जमिनींत खोदलेलें व आंतून प्लास्टिकचा कागद अंथरलेलें शेततळें बांधासारखें फुटत नाहीं, म्हणून त्यास सांडवा नको असें कोणी समजूं नये. त्याचें पाणी कांठावरून वाटेल तेथून बाहेर पडलें तर कागदाखालची माती वाहून जाते, कागद सुटतो व फाटतो, आणि हजारों रुपयांची ठेव एका पावसांत जाते. बंद पडलेल्या चिरेखाणींत पाणी सांठविणारांनींही हें पाहावें.

सांडवा बरोबर बांधूनही तो बुजविणारे हात मालकाच्याच घरचे असतात. तळ्यांत मासे सोडले कीं ते वाहून जाऊं नयेत म्हणून उंबऱ्यावर बारीक जाळी लावतात. जाळीस पाला अडकला म्हणजे जाळी भिंत होते. जाळी लावावयाचीच असेल तर ती उंबऱ्यापासून लांब, तळ्याच्या आंत, ऐसपैस अर्धवर्तुळांत लावावी, म्हणजे कांहीं भाग तुंबला तरी पुष्कळ भाग मोकळा राहील. दुसरा मोह फळ्यांचा. पावसाळा संपत आला म्हणजे उंबऱ्यावर फळ्या अगर मातीच्या गोणी ठेवून फूटभर पाणी अधिक धरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरांत पऱ्यांवर कच्चे बंधारे घालण्याची आपल्याकडील रीत जुनी व उत्तम आहे, आणि त्याच धर्तीवर तळ्यासही फळ्या चालतील. पण त्या एका माणसास रात्रीं कंदील घेऊन जाऊन काढतां आल्या पाहिजेत, आणि परतीचा पाऊस गेल्यावांचून त्या लावूं नयेत. जून महिन्यांत फळ्या लावणारास मी माझें वकीलपत्र देऊं नकोस असें सांगतों.

बांधावर झाडें लावूं नयेत, उंदीर-घुशींचीं व खेकड्यांचीं बिळें दर उन्हाळ्यांत खणून चोपून भरावीं, पायथ्याशीं गढूळ पाझर दिसला तर तत्काळ जाणत्यास बोलवावें. स्वच्छ पाझर एक वेळ चालतो. गढूळ पाझर म्हणजे बांध आंतून वाहूं लागला आहे. खेकड्यांचा उल्लेख आल्यानें वाचकांस चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरणाची आठवण होईल. २ जुलै २०१९ च्या रात्रीं तें मातीचें धरण फुटलें आणि खालची भेंडवाडी वाहून गेली. वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. धरणास गळती आहे अशा तक्रारी ग्रामस्थांनीं अगोदर केल्या होत्या. पुढें खेकड्यांनीं धरण पोखरलें असें एका मंत्र्यांनीं म्हटलें, व त्यावर राज्यभर टीका झाली. ती होणें रास्त होतें, कारण खेकडा बीळ करितो हें खरें असलें तरी तें बुजवीत जाणें हें खेकड्याचें काम नव्हे. आपलीं तळीं तिवऱ्याच्या मानानें फार लहान आहेत. त्या धरणाचा सांठा सुमारें चोवीस लक्ष घनमीटर होता. पण बांधाखालीं एक घर असलें तरी हिशेब तोच.

सांडव्याच्या क्षमतेपेक्षां पूर मोठा आला म्हणजे काय होतें, याचें भयंकर उदाहरण ११ ऑगस्ट १९७९ रोजीं सौराष्ट्रांत मोरवी येथें घडलें. मच्छू नदीवरील दुसऱ्या धरणास दरवाजांचा मोठा सांडवा होता. त्यासाठीं धरलेल्या पुराच्या दुपटीहून अधिक पाणी आलें, बाजूच्या मातीच्या बांधांवरून तें गेलें, व मोरवी शहर बुडालें. उलट आपल्या कोंकणांतच मालवण तालुक्यांत धामापूरचें तळें आहे. तें १५३० सालीं बांधलें गेलें असें मानतात. तो भाग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच होता. २०२० सालीं आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानें त्यास वारसा म्हणून मान्यता दिली. सुमारें पांचशें पावसाळे त्या बांधानें काढले आहेत.

आतां माझ्या धंद्याचें. सांडव्यांतून निघालेलें पाणी कोठें जातें, हा प्रश्न बहुतेक तळेंमालक बांध झाल्यावर विचारतात. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यांत कलम ७ च्या उदाहरणांत असें सांगितलें आहे कीं, वरच्या जमिनीवर आपोआप पडलेलें व ठराविक प्रवाहानें न वाहणारें पाणी खालच्या जमिनीनें नैसर्गिकपणें वाहूं दिलें पाहिजे. येथें ‘नैसर्गिकपणें’ या शब्दावर सगळा भार आहे. पूर्वीं साऱ्या उतारावरून पसरून येणारें पाणी तुम्ही एकत्र करून एका तोंडानें शेजाऱ्याच्या खाचरांत सोडलें, तर या कलमाचा आधार तुम्हांस मिळेल असें मानून चालूं नये. सांडव्याचा पाट मूळच्या पऱ्यासच नेऊन मिळवावा. मधें दुसऱ्याची जमीन असेल तर पाटासाठीं लेखी संमति घ्यावी व ती नोंदवावी. तोंडी संमति मुलांच्या काळांत टिकत नाहीं.

बांध फुटून नुकसान झालें तर जबाबदारी कोणाची ? इंग्लंडांत १८६८ सालीं लॉर्डांच्या सभेनें रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यांत ठरविलें कीं, जो आपल्या जमिनीवर पाण्यासारखी वस्तु आणून सांठवितो त्याचें पाणी निसटून शेजाऱ्यास अपाय झाला, तर त्याची स्वतःची हयगय नसली तरी तो जबाबदार. त्या खटल्यांतही खासगी तळेंच होतें. आपल्याकडे १८७४ सालीं मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटनगरचे जमीनदार या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें जमीनदारास सोडलें, आणि हा निकाल आठवून पुष्कळ जमीनमालक निर्धास्त असतात. त्यांनीं कारणें वाचलेलीं नसतात. तीं तळीं पुरातन होतीं, त्यांवर रयतेचें जीवन अवलंबून होतें, तीं राखणें जमीनदारावर कर्तव्यच होतें, आणि त्यांची हयगय शाबीत झाली नव्हती. आपल्या कलमांसाठीं परवां बांधलेल्या तळ्यास यांतील किती गोष्टी लागू पडतील, याचा प्रत्येकानें विचार करावा. ‘दैवी कोप’ ही बाजूही अशीच. १८७६ च्या निकोल्स विरुद्ध मार्सलंड या खटल्यांत ती चालली. पण १९१७ सालीं ग्रीनॉक येथील प्रकरणांत, मुलांना डुंबण्यासाठीं ओढ्याचें पात्र बदलून तळें करणाऱ्या नगरपालिकेस असाधारण पावसाची सबब लॉर्डांच्या सभेनें उपयोगी पडूं दिली नाहीं. कोंकणांत आषाढांत मुसळधार पाऊस पडला, ही गोष्ट असाधारण म्हणून न्यायाधीशास पटविणें किती अवघड आहे तें मीं स्वतः अनुभविलें आहे.

२०२१ चा धरणसुरक्षेचा कायदा पंधरा मीटरांहून उंच धरणांस, व दहा ते पंधरा मीटरांतील कांहींस, लागू आहे. आपलीं तळीं त्याखालीं येत नाहींत. त्यांचा निरीक्षक मालकच.

दात्यांस एवढीच विनंती कीं, तळ्याचें अंदाजपत्रक पुढें आलें म्हणजे बांधाच्या लांबी-उंचीपूर्वीं पाणलोट किती हेक्टर धरला आहे, सांडवा किती मीटर आहे व त्याचें पाणी कोणत्या पऱ्यास मिळतें, हें विचारावें. अंदाजपत्रकांत काटछांट करण्याची वेळ आली कीं पहिली कात्री सांडव्याच्या पिचिंगवर चालते, कारण त्याच्या अभावीं तळें दिसावयास कमी दिसत नाहीं. कमी करावयाचेंच तर बांधाची उंची कमी करावी.

माझ्या अशिलाचा दावा शेवटीं तडजोडीनें मिटला. त्यांनीं खाचरांतील माती स्वखर्चानें काढून दिली, त्या हंगामाचें भात भरून दिलें, आणि बांध पुन्हां घालतांना पूर्वेच्या टोंकास कातळ फोडून सात मीटरांचा सांडवा काढला. पाण्याची खोली वाचण्यासाठीं त्यांनीं उंबऱ्याजवळ चिऱ्याचा एक खांब उभा करून त्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आहेत. जुलै महिन्यांत मोठा पाऊस झाला कीं खालचा शेतकरीच सकाळीं जाऊन खुणा पाहतो व त्यांस कळवितो. गेल्या पावसाळ्यांत पाणी जास्तींत जास्त नऊ इंचांच्या खुणेस लागलें.